वेशीवरची मरीआई आणि पेशीवरचं दार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता एसटीत बसलेत आणि हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जे सुटलं होतं तेही इथं थोडं भरून काढलंय.

आजची गोष्ट आमच्या गावाच्या वेशीपासून सुरू होते. धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत असते तशी आमच्याही गावाबाहेर एक मरीआई आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छोटं शेड. लहानपणी मला प्रश्न पडायचा, बाकीचे सगळे देव गावात आणि हीच एकटी बाहेर का? आजीला विचारलं तर म्हणाली, "ती आत आली की माणसं जातेत. म्हणून तिला तिथंच मान द्यायचा."

मरीआई म्हणजे पटकीची देवी. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत जायचा, इतका हा रोग झपाट्याचा. मग गावकरी 'मरीआईचा गाडा' काढायचे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, नैवेद्य, लिंबं. वाजतगाजत तो गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडायचा. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेला न्यायचा. रोग बाहेरून येतो, म्हणून सीमा राखायची. विचार अगदीच चुकीचा नव्हता. फक्त ज्या सीमेवर खरी लढाई चालली होती, ती गावाची वेस नव्हती. ती माणसाच्या पोटात होती आणि इतकी पातळ होती की विसावं शतक येईपर्यंत तिची रचनासुद्धा कुणाला माहीत नव्हती.

हा सगळा विषय मी का काढला, तेही सांगतो. माझी एक मोठी आत्या होती. मी तिला कधी पाहिलं नाही, कारण '७२च्या दुष्काळात ती गेली. दोन वर्षांची होती. जुलाब, उलट्या आणि दोन दिवसांत संपलं सगळं. पटकीच होती की दुसरी कुठली हगवण, हे कुणी तपासलं नाही. आजी एवढंच सांगते, "पाणी दिलं की जास्त होतंय म्हणायचे सगळे. लेकरू पाणी पाणी करत होतं, पण तोंड सुदिक ओलं करू दिलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण १९७२ मध्ये उत्तर जगाला माहीत झालेलं होतं. ते माहीत कसं झालं, त्याचा हा इतिहास.

माणूस मरतो कशाने?

पटकी १८१७ मध्ये बंगालातून पसरायला लागली आणि १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, दख्खनेत आणि मुंबईत पोचली. पुढे जहाजांबरोबर ती युरोपात गेली. १८३१ च्या शेवटी इंग्लंडमध्ये साथ आली तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या एका तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासलं. त्याचं वय असेल बावीस-तेवीस. रक्तातलं पाणी आणि क्षार कमी झालेत, आणि तेच जुलाबात सापडतायत, असं त्याला दिसलं. म्हणजे गेलेलं पाणी आणि मीठ परत द्यायला हवं.

१८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने ते करून पाहिलं. मरणाच्या दारात असलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने मिठाचं पाणी सोडलं. ती उठून बसली. पण जुलाब सुरूच होते, पाणी परत कमी पडलं आणि काही तासांत ती गेली. निर्जंतुक सुया नव्हत्या, किती पाणी द्यायचं ते माहीत नव्हतं. ही कल्पना पुढे कित्येक दशकं मागे पडली आणि डॉक्टर रोग्याचं उलट रक्त काढत राहिले.

जाता जाता एक गंमत. हाच ओशॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि १८५० च्या दशकात कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारी तार त्यानेच टाकली. आपल्या आयटीवाल्यांचा पूर्वजच म्हणा ना.

पण एक प्रश्न उरलाच. शिरेतूनच कशाला? तोंडाने मिठाचं पाणी पाजलं तर? पाजून पाहिलं होतं. पटकीच्या रोग्याला नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते आतड्यात शोषलं जात नाही, बाहेर पडतं. आजीच्या शेजारपाजाऱ्यांचं 'पाणी दिलं की जास्त होतंय' हे अशा डोळ्यांनी बघण्यातूनच आलं असणार. पाणी आत का जात नाही, हे कळायला आधी 'आत' म्हणजे काय ते कळायला हवं होतं.

भिंत आणि दारं

आता नळदुर्गला चला. किल्ला पाहिला असेल तर आठवेल, आत बोरी नदीवर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. आदिलशाहीतलं, १६१३ चं काम. पावसाळ्यात नर-मादीचे सांडवे कोसळत असतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना एक गोष्ट पक्की माहीत होती. नुसती भिंत उपयोगाची नाही. पाणी कुठून, कधी आणि किती जाऊ द्यायचं, हे ठरवणारी वाट पाहिजे.

पेशीचंही तेच आहे. शाळेत आपण 'निवडक्षम पारपटल' हा शब्द पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो. ही पेशीभोवतीची भिंत जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीची असते. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशा दहा हजारांहून जास्त भिंती मावतील.

ती कशाची आहे? १८९० च्या दशकात अर्नेस्ट ओव्हर्टनला दिसलं की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत पटकन शिरतात, बाकीचे अडतात. म्हणजे भिंत तेलकट असावी. १९२५ मध्ये नेदरलँड्सच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली. तिने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे भिंत दुहेरी आहे, चरबीचे दोन थर एकमेकांना पाठ लावून उभे आहेत.

अशा भिंतीतून प्राणवायू सहज जातो. मीठ आणि साखर मात्र जात नाहीत, कारण ती पाण्यात विरघळणारी. त्यांच्यासाठी भिंतीत प्रथिनांची दारं बसवलेली असतात. ती साधारण तीन तऱ्हेची.

पहिलं दार म्हणजे नुसती मोरी. उघडली की जिथं जास्त आहे तिथून कमी असेल तिकडे माल उतारानं वाहतो.

दुसरं म्हणजे पंप. हा उताराविरुद्ध चालतो, विहिरीतून पाणी वर काढणाऱ्या मोटेसारखा, म्हणून त्याला ऊर्जा लागते. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौने खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना असा पंप शोधला. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपल्या शरीरात तो आत्ता, हे वाचतानाही चालू आहे. स्कौला त्यासाठी १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

तिसरं दार आपल्या गोष्टीचा नायक आहे. त्याच्याकडे येतोच.

आणि पाणी? पाणी मिठा-साखरेच्या मागे जातं. कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, तेच हे. शाळेच्या भाषेत परासरण. आतड्याला पाणी आत ओढायचं असेल तर आधी मीठ आत न्यावं लागतं. हे काम किती मोठं आहे बघा. आपण पितो ते आणि शरीर स्वतः पचनासाठी सोडतं ते मिळून रोज आठ-नऊ लीटर पाणी लहान आतड्यात येतं. त्यातलं जवळजवळ सगळं परत आत घेतलं जातं.

पटकी नक्की काय बिघडवते?

शंभर वर्षं डॉक्टरांचा समज होता की पटकीत आतड्याचं अस्तरच सोलून निघतं. भिंतच पडली तर दारांचा काय उपयोग? मग तोंडाने पाजून काय होणार?

हा समज दोन ठिकाणी मोडला. कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये त्यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. जंतू गाळून काढले आणि उरलेलं नुसतं पाणी वापरलं तरी परिणाम तोच. म्हणजे काम जंतू स्वतः करत नाही, त्याचं विष करतं. नोबेलविजेत्या जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही आणि डे यांचं नाव आज आपल्याकडे किती जणांना माहीत आहे, हा वेगळाच विषय.

दुसरीकडे यूजीन गंगारोसा यांनी १९६० मध्ये थायलंडच्या साथीतल्या रोग्यांच्या आतड्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तर शाबूत होतं. भिंत पडलेलीच नव्हती!

मग होतं काय? हे विष पेशीला मारत नाही. त्याचा एक भाग आत शिरतो आणि पेशीतलं एक बटण चालूवर अडकवून ठेवतो. त्यामुळे क्लोराईडची मोरी उघडते आणि बंद होतच नाही. क्लोराईडमागे सोडियम, त्यांच्यामागे पाणी. नेहमीचं मीठ आत घेणारी वाटही मंदावते. गंभीर रोग्याच्या अंगातून तासाला एक लीटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर क्रॅश झालेला नाही. फक्त एक पोर्ट उघडं राहिलंय आणि सगळा डेटा तिथून वाहून चाललाय.

साखरेचं दार

ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत साखर एकटी शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरते. हेच ते तिसरं दार. ते एकट्या ग्लुकोजसाठी फिरत नाही आणि एकट्या सोडियमसाठीही नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज बसले की मगच फिरतं. सोडियमला आत यायची ओढ असते, कारण पेशीच्या मागच्या बाजूचा स्कौचा पंप त्याला सतत बाहेर काढत असतो. त्याच ओढीवर साखरही आत येते आणि दोघांच्या मागे पाणी.

पटकीचं विष या दाराला हात लावत नाही.

म्हणून नुसतं मीठ-पाणी वाया जातं आणि त्यात योग्य प्रमाणात साखर घातली की तेच पाणी शरीरात जातं. साखर इथं चवीसाठी नाही, ताकदीसाठीही नाही. ती त्या दाराची किल्ली आहे.

कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून त्यांनी १८६ रोगी बरे केले. पण ते का चालतं, हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं आणि जगाने लक्ष दिलं नाही. क्रेननंतर कारण हातात आलं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजून दाखवलं की पटकीच्या रोग्याला हे पाणी पाजत राहिलं तर सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते.

बनगाव, १९७१

मग युद्ध आलं. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. दवाखान्याची जमीन रोग्यांनी भरलेली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी निर्णय घेतला. एका लीटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या बांधायच्या, ड्रममध्ये पाणी कालवायचं आणि पाजायचं काम आई, भाऊ, नवरा, जो जवळ असेल त्याच्याकडे द्यायचं.

शिकलेल्या नर्सशिवाय हे होईल का, अशी शंका तेव्हा मोठमोठ्यांना होती. त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होतं. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मीही.

आता तारखा जुळवून बघा. १९७१ ला बनगाव. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी पेशीपटलाचं आज पुस्तकात असतं ते चित्र मांडलं, चरबीच्या थरात तरंगणारी प्रथिनं. आणि त्याच वर्षी आमच्या गावात दोन वर्षांच्या पोरीचं तोंडही ओलं करू दिलं नाही.

यात कुणाला दोष देण्यासारखं नाही. बातमी पोचायला वेळ लागतो. पण ती पोचवावी लागते, आपोआप येत नाही. आमच्या जिल्ह्याच्या शेजारीच, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हे काम हातात घेतलं. गावानेच निवडलेल्या, बहुतेक शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायका घरोघर जाऊन शिकवत, जुलाब लागले तर पाणी बंद करायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बांगलादेशात 'ब्रॅक'च्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात एक कोटीहून जास्त घरांत जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचा धडा दिला. शोध प्रयोगशाळेत लागला खरा, पण जीव वाचवले ते उंबऱ्यावर बसून समजावणाऱ्या बायकांनी.

प्रमाण चुकलं की

एक चूक माझी सांगतो. हॉस्टेलला असताना जुलाब लागले तेव्हा मी ओआरएसचं अख्खं पाकीट एका ग्लासात कालवून प्यायलो. म्हटलं, जितकं स्ट्राँग तितकं बरं. रात्रभर जास्तच त्रास झाला. आता कारण कळतं. पाणी फार गोड आणि खारट झालं की उलटं परासरण होतं, आतड्यात पाणी ओढलं जातं. कैरीला मीठ लावल्यासारखं. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनं प्रमाण आणखी सौम्य केलं. आता एका लीटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं.

याच्या शेजारी कोल्ड्रिंक ठेवा. त्यात लीटरला साधारण १०० ग्रॅम साखर. तरी कित्येक वर्षं दुकानात गोड पेयांच्या टेट्रापॅकवर 'ओआरएस' ही अक्षरं झळकत होती आणि आईबाप तेच आजारी लेकराला पाजत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सांगितलं की ठरलेल्या प्रमाणाचं नसेल तर कुठल्याही पेयाच्या नावात हा शब्द वापरता येणार नाही.

गेल्या आषाढात गावी गेलो होतो. आजीने मरीआईला नैवेद्य दाखवला, मीही सोबत गेलो. परत येताना तिला हे सगळं जमेल तसं सांगितलं. भिंत, दारं, साखरेची किल्ली. तिने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ न् गूळ? ते तर घरात होतं की रे."

मला पुढे काही बोलता आलं नाही.

तर मंडळी, या भागाचा गृहपाठ सोपा आहे. घरात ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलंय ना, तेवढं बघा. एक लीटरचं पाकीट पूर्ण एक लीटर स्वच्छ पाण्यातच कालवायचं आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजायचं. लहान मुलांना डॉक्टर १४ दिवस झिंकच्या गोळ्याही देतात, त्या मध्येच सोडू नका. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, काही पीतच नसेल किंवा जुलाबात रक्त दिसलं तर घरी थांबू नका, थेट दवाखाना.

आणि घरात कुणी म्हणालं, "पाणी देऊ नका, जास्त होईल," तर त्यांना हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात.